कंपनीतून गावात काम करायला निघालात? सुरुवात कुठून करायची, चाकणच्या अनुभवावरून

कंपनीच्या सीएसआर (म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचं काम) टीममध्ये नवीन आलात, किंवा साहेबांनी "या वर्षी व्हॉलंटिअरिंगचं तुम्ही बघा" म्हणून काम अंगावर टाकलंय आणि आता नक्की करायचं काय हे शोधताय, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, मूळ काम क्वालिटीचं, पण गेली नऊ वर्षं आसपासच्या गावांतल्या शाळा, अंगणवाड्या, झाडं, पाणी या कामांसाठी माणसं गोळा करून नेण्याचं कामही माझ्याकडेच आहे. सुरुवातीला सांगायला कोणी नव्हतं म्हणून बऱ्याच गोष्टी चुकून शिकलो, त्या तुमच्या चुकू नयेत एवढंच.

आधी दोन खिसे वेगळे करा

नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथं होतो. कंपनीचा सीएसआरचा पैसा हा एक खिसा, आणि कर्मचाऱ्यांचा वेळ आणि त्यांची स्वतःची वर्गणी हा दुसरा. दोन्हीचे नियम वेगळे आहेत.

सीएसआरचा पैसा कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येतो, १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी, किंवा टर्नओव्हर १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावा लागतो. तोही कशावरही नाही, कायद्याच्या सातव्या परिशिष्टात यादी आहे, शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, पर्यावरण, ग्रामविकास, आपत्तीतली मदत वगैरे. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम यात चालत नाही, राजकीय पक्षाला दिलेली देणगी चालत नाही, आणि जाहिरातीसाठी केलेली स्पॉन्सरशिप पण नाही. ऑफिसचा म्हणजे प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण दर वर्षी कोणीतरी विचारतंच. शंभर लोकांनी शनिवारी चार तास काम केलं तर त्या तासांचा पगार काढून तो सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. सरकारने खुलाशात हे स्पष्ट केलेलं आहे, कर्मचाऱ्यांना कामात जरूर घ्या पण त्यांच्या वेळेची किंमत लावून २ टक्क्यांत धरू नका. म्हणून बस, टी-शर्ट, नाश्ता या गोष्टी प्रोजेक्टच्या खर्चात घुसवायच्या नाहीत, एचआरकडून वेगळं बजेट मागून घ्या आणि ते एप्रिलमध्येच मागा.

छोटी कंपनी असेल, कायद्याच्या आकड्यात बसत नसेल, तरी काही बिघडत नाही. आमच्या शेजारच्या चाळीस कामगारांच्या एका वर्कशॉपने एका अंगणवाडीचं छत, दारं आणि पाण्याचं कनेक्शन एवढंच केलंय, आणि ते आमच्या पहिल्या दोन वर्षांच्या सगळ्या कामांपेक्षा चांगलं झालंय.

गाव गेटपासून शोधा

कायदाही म्हणतो की कंपनी जिथं आहे त्या भागाला प्राधान्य द्या, पण माझं कारण वेगळं आहे. जागा अशी निवडा की शिफ्ट सुटल्यावर टू-व्हीलरवर वीस मिनिटांत पोचाल. ऐंशी किलोमीटरवरच्या आदिवासी पाड्यावर गरज जास्त असेल, मान्य, पण तिथं तुम्ही वर्षातून एकदाच जाणार, आणि एकदा जाऊन कुणाचं काही होत नाही. तिथं आधीपासून काम करणारी संस्था असेल तर तिला पैसे द्या. स्वतःच्या माणसांना मात्र जवळच्या गावात न्या.

एमआयडीसीतल्या गावांची एक गोष्ट बाहेरून आलेल्याला माहीत नसते. या गावांनी जमिनी दिल्यात. तुम्ही वह्या घेऊन गेलात की कोणीतरी म्हणणारच, "साहेब वह्या राहू द्या, पोरांना कामाला घ्या." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला राग आला होता, आपण चांगलं करायला आलोय आणि हे लोक भांडतायत. नंतर कळलं की त्यांचं बरोबर आहे, आणि त्यावर उत्तर देणं माझ्या हातात नाही. अशा वेळी वाद घालू नका, नोकरीचं आश्वासन तर अजिबात देऊ नका, ऐकून घ्या आणि एचआरपर्यंत प्रामाणिकपणे पोचवा. त्या बोलण्यातूनच आमचं एक चांगलं काम निघालं, गावातल्या आयटीआय झालेल्या मुलांची इंटरव्ह्यूची तयारी, आमचेच सुपरवायझर दर पंधरा दिवसांनी जाऊन घेतात.

गाव समजून घ्यायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी आपल्याकडे ग्रामसभा भरतात. सरपंचांना आधी फोन करून जा आणि मागं बसून ऐका, बोलायची गरज नाही. पाण्यावरून, रस्त्यावरून, शाळेच्या शिक्षकांवरून लोक काय बोलतात ते एका तासात कळतं.

द्यायच्या आधी विचारा, आणि वीजबिल बघा

आमची सगळ्यात मोठी चूक इथली आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुसऱ्या वर्षी आम्ही एका जिल्हा परिषद शाळेला सहा कॉम्प्युटर दिले. फीत कापली, फोटो झाले, मुलांनी गाणं म्हटलं. आठ महिन्यांनी सहज गेलो तर खोलीला कुलूप. वीजबिल थकलं होतं, मीटर काढून नेलेलं, आणि मुख्याध्यापक बाई मला म्हणाल्या, "सर, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आम्हाला आधी वीज पाहिजे होती." त्या आम्हाला बोलल्या नाहीत कारण आम्ही विचारलंच नाही, ट्रकच घेऊन गेलो.

तेव्हापासून शाळेत गेलं की आधी हे विचारतो: पट किती, शिक्षक किती (दोनच शिक्षक आणि चार वर्ग असतील तर सगळा हिशेबच बदलतो), वीज चालू आहे का आणि बिल कोण भरतं, टाकीत पाणी कुठून येतं आणि उन्हाळ्यात येतं का, मुलींच्या टॉयलेटला आतून कडी आहे का, मागच्या कुणी दिलेल्या वस्तू कुठं आहेत. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कपाट उघडून दाखवतात तेव्हा कळतं, बंद टॅब, चार्जर नसलेला प्रोजेक्टर, पॅकिंग न काढलेलं सायन्स किट.

ते न वापरण्यामागं आळस नसतो. शाळेत आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढते. मोडली, हरवली तर शिक्षकांना जाब द्यावा लागतो, आणि निर्लेखन करायचं, म्हणजे ती वस्तू नोंदीतून काढून टाकायची, तर कागदांची मोठी भानगड. म्हणून ते जपून ठेवतात. त्यामुळे महाग आणि नाजूक वस्तू देण्याआधी दोनदा विचार करा, आणि दिलीत तर तीन वर्षांचा मेंटेनन्स तुमचा, हे लेखी द्या. वाचनालयाची पुस्तकं देताना आम्ही आता बाईंना तोंडी पण सांगतो की फाटली तरी चालतील, दर जूनमध्ये शंभर नवीन आणून देऊ, आणि देतो पण. तेव्हा कुठं पुस्तकं कपाटातून बाहेर आली.

बाईंशी बोलून झालं की शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. आयांना वेगळं बोलायला जागा द्या, टॉयलेट आणि पाण्याबद्दल खरं तेच बोलतात. शिक्षक लोक अशा मदतीला "शैक्षणिक उठाव" म्हणतात, हा शब्द माहीत असू द्या, शाळेच्या कागदांत तुमची मदत त्याच नावाने नोंदली जाईल.

परवानगी आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण सोडू नका. रंगकाम, पुस्तकं, शिकवणं यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र, समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहिती, एवढं करून ठेवा. केंद्रप्रमुखांना फोन केला की हे लवकर होतं. खोली किंवा टॉयलेट बांधायचं असेल तर जागा जिल्हा परिषदेची असते, त्यांची लेखी परवानगी आणि इंजिनिअरने बघितलेला नकाशा लागतो, तीन-चार महिने धरून चाला. गायरानावर झाडं लावायची तर ग्रामपंचायतीचा ठराव, वनखात्याची जमीन असेल तर वनखातं.

संस्थेमार्फत काम करणार असाल तर तिचे कागद बघा: ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, इन्कम टॅक्सची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला करसूट) ही नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ नोंदणी नंबर. हा नंबर नसलेल्या संस्थेला सीएसआरचा पैसा देता येत नाही. कंपनीने स्वतःच थेट काम केलं तर तो प्रश्न येत नाही. परदेशातल्या हेड ऑफिसने थेट संस्थेला पैसे पाठवायचे म्हटलं तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा विषय येतो, तिथं आपलं डोकं लावू नका, कंपनी सेक्रेटरीकडे जा.

कागद झाले की संस्थेच्या कामावर न सांगता एकदा जाऊन या. कागद चांगले आणि काम शून्य असंही बघितलंय, आणि उलटंही. उलटं असेल, म्हणजे काम सोन्यासारखं आणि हिशेब वहीत पेन्सिलने, तर आपल्या अकाउंट्समधल्या दोघांना सहा महिने महिन्यातून एकदा पाठवा, त्यांचे हिशेब लागले की पुढं दहा कंपन्या त्यांना मदत करू शकतात. याच्याइतकं उपयोगी व्हॉलंटिअरिंग मला दुसरं दिसलेलं नाही.

आणि मार्चची वाट बघू नका. चालू प्रोजेक्टचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकता येतो आणि तीन वर्षांत वापरता येतो. ही सोय असताना मार्च एंडला घाईने पाचशे दप्तरं वाटण्यात काही अर्थ नाही, शाळा तर जूनमध्ये सुरू होते.

माणसं कुठली न्यायची

सगळ्यांना वाटतं ऑफिसमधले न्यायचे. माझा अनुभव असा की खरी ताकद शॉपफ्लोअरवर आहे. आमच्या मेंटेनन्सचे दोन इलेक्ट्रिशियन आणि एक फिटर एका सकाळी शाळेचं वायरिंग, अर्थिंग, सहा पंखे आणि टाकीचा वॉल्व्ह करून आले, आणि त्याच दिवशी तीस जणांची दुसरी टीम एक भिंत रंगवत होती जी पुढच्या पावसात ओल येऊन पोपडे धरून बसली. रंगकामाला माझा विरोध नाही, पण आधी गळती काढा.

यात एक काळजी घ्या. कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगाराला तुम्ही "या हो शनिवारी" म्हणता तेव्हा त्याचा रोज बुडतो. त्याला यायची मनापासून इच्छा असते, कित्येकदा ते गाव त्याचंच असतं, पण दिवसाचा पगार सोडणं त्याला परवडत नाही. म्हणून तो दिवस भरपगारी धरून घ्या, कॉन्ट्रॅक्टरशी आधीच बोला. हे मिळवायला मला दोन वर्षं लागली, मिळालं तेव्हा येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली.

सक्ती कुणालाच नको. अप्रेझलला जोडू नका, येणाऱ्यांची नावं बोर्डवर लावून न येणाऱ्यांना लाजवू नका. घरी आजारी आई असेल, दुसरी नोकरी असेल, आपल्याला काय माहीत.

प्रत्यक्ष दिवस

जिल्हा परिषद शाळा शनिवारी सकाळची असते आणि बऱ्याच कंपन्यांना शनिवारी सुट्टी, तेव्हा हा दिवस जुळतो. परीक्षांचा मार्च-एप्रिल टाळा. एका वर्गाला चार-पाच जणांच्या वर न्यायचे नाहीत, पन्नास जण गेले की पोरं बावरतात आणि शिक्षक पाहुणचारात अडकतात. चहा-नाश्ता शाळेकडून घ्यायचा नाही, आपला डबा, आपलं पाणी, आणि निघताना कचरा आपणच उचलायचा. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू मारायचे आणि कीर्तन संध्याकाळी करायचे, हे माझी आजी सांगायची, नव्या व्हॉलंटिअरला मी हेच सांगतो, पोचल्यावर आधी हातात काम घ्या, भाषण नको.

मुलांच्या बाबतीत नियम कडक ठेवा. एकट्या मुलाला वेगळ्या खोलीत न्यायचं नाही, फोन नंबर घ्यायचे नाहीत, चॉकलेट-पैसे वाटायचे नाहीत. फोटो काढायचेच तर पाठमोरे किंवा हातांचे, आणि मुख्याध्यापकांना विचारून. बालगृहात तर मुलाची ओळख पटेल असं काहीही बाहेर द्यायला कायद्याने बंदी आहे. दप्तर हातात देऊन पोराला कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका, त्या पोराचा बाप कदाचित तुमच्याच कंपनीत लोडिंगला असेल. वस्तू बाईंकडे द्या, त्या वर्गात देतील.

झाडं, रक्त आणि पूर

झाडांचं काम सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात जास्त वाया जातं. खड्डे एप्रिल-मेमध्ये, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, लावणी चांगला पाऊस पडून जमीन भिजल्यावर. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण अशी आपली झाडं घ्या, आणि रोपं चार-पाच फुटांची, वीतभर नको. शेळ्यांपासून कुंपण पाहिजे. आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्या माणसाचा पगार आधी बाजूला काढा, मगच रोपं मागवा. पाचशे लावून साठ जगण्यापेक्षा ऐंशी लावून सत्तर जगवणं बरं, ५ जूनच्या म्हणजे पर्यावरण दिनाच्या फोटोत ते कमी दिसलं तरी.

रक्तदान शिबिर नवीन टीमला जमण्यासारखं आहे. लायसन्स असलेल्या रक्तपेढीलाच बोलवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवस आणि बायकांना १२० दिवसांचं अंतर. नाइट शिफ्ट करून झोप न झालेल्याला बसवू नका. तुटवडा मे महिन्यात आणि दिवाळीच्या आसपास असतो, कॉलेजं बंद असतात म्हणून, तेव्हा शिबिर त्या वेळी ठेवा.

पुराबद्दल मनावर कोरलेली गोष्ट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी भरलं तेव्हा आम्ही तीन दिवसांत एक टेम्पो भरून कपडे पाठवले. नंतर स्वतः गेलो तर रस्त्याकडेला असल्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले, फाटके, न धुतलेले, कुणी हात लावत नव्हतं, आणि लावणारही का, घर वाहून गेलं म्हणून माणसाचा मान वाहून जात नाही. तिथं लागत होती नवीन आतली कापडं, पॅड, चादरी, ब्लीचिंग पावडर, खराटे, आणि घरोघरी वायरिंग तपासणारा माणूस. तेव्हा आधी तिथल्या कुणाला तरी फोन करा, यादी मागा, जमलं तर वस्तू त्याच जिल्ह्यातल्या दुकानातून घ्या, आणि माणसं पाणी ओसरल्यावर पाठवा. पाणी ओसरल्यावर गर्दी जाते आणि काम सुरू होतं.

कर्मचाऱ्यांच्या खिशातला पैसा

काही जणांना वेळ नसतो पण द्यायचं असतं. पगारातून महिन्याला ५०-१०० रुपये कापून घेण्याची सोय करा, लेखी संमती घेऊन, आणि कधीही बंद करता येईल अशी. कंपनी तेवढीच भर घालत असेल तर उत्तम. ८०जीची सूट जुन्या करप्रणालीतच मिळते, नवीनमध्ये नाही, आणि २,००० रुपयांवर रोख देणगीला ती मिळत नाही, हे आधीच सांगून टाका म्हणजे मार्चमध्ये कुरकुर होत नाही. पैसे कुठं गेले त्याचा एक पानी हिशेब मराठीत कँटीनच्या बोर्डवर लावा.

सुरुवातीला तारीख पाहिजे असेल तर २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव बरा पडतो, टाटांच्या कंपन्यांत वर्षातून दोनदा व्हॉलंटिअरिंगचे आठवडे असतात. पण आठवडा संपल्यावर काय ते आधी ठरवा. आमचा नियम आता असा आहे की एक गाव घेतलं की किमान तीन वर्षं, महिन्यातून एक शनिवार, पाच माणसं आली तरी चालतील पण खाडा नाही. पहिलं वर्ष ओळखीतच जातं, साहेबांना ते आधीच सांगून ठेवा, कारण रिपोर्टमध्ये दाखवायला फारसं काही नसतं.

ज्या बाईंनी मला विजेचं सुनावलं होतं त्यांच्या शाळेत आता सोलर आहे, सहापैकी चार कॉम्प्युटर चालतात, आणि फोन येतो तो असा, "सर, मुलींच्या टॉयलेटमधला नळ परत गळतोय, तुमच्या फिटरभाऊंना पाठवा." परवाच आला. येत्या शनिवारी वॉशर आणि टेप घेऊन आम्ही दोघं जातोय.